बेटावरचा शत्रू आणि सन्मानाची कसोटी
(जयपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



युद्धावरील चित्रपटांना तोटा नाही. प्रत्येक देशाच्या चित्रसृष्टीने आपापल्या युद्धाचे भांडवल करून तिकीटबारीवर गल्ला भरला आहे. या ढिगाऱ्यात शत्रूला माणसाचा चेहरा देणारे चित्रपट मात्र बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. एरवी शत्रू म्हणजे खंदकापलीकडून धावत येणारी आणि गोळी लागताच कोसळणारी आकृती. तिला नाव नसते, घर नसते, तहान नसते. ज्याला तहानच लागत नाही त्याला ठार मारताना प्रेक्षकाच्या मनात कालवाकालव होण्याचे कारण उरत नाही. हीच तर अशा चित्रपटांची राजकीय कामगिरी होय.

म्हणूनच ज्या चित्रपटाची सुरुवात शत्रूच्या तहानेपासून होते तो बारकाईने पाहण्याजोगा ठरतो. १९६८ साली जॉन बूरमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘हेल इन द पॅसिफिक’ हा असा चित्रपट आहे. दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक महासागर, एक ओसाड बेट आणि दोन माणसे. एक जपानी आरमारी अधिकारी, दुसरा अमेरिकन वैमानिक. तिसरे पात्र नाही. जपान्याने किनाऱ्यावर निवारा उभारून ताडपत्रीत पावसाचे पाणी साठविले आहे. अमेरिकनाचा घसा कोरडा पडला आहे. महायुद्धाचे प्रचंड रणांगण आक्रसून बादलीभर पाण्यावर येऊन ठेपते.

पुढे घडते ते सांगण्यास सोपे आहे. दोघे एकमेकांवर पाळत ठेवतात, एकमेकांना हैराण करतात. जपानी अधिकारी अमेरिकनाला पकडून त्याचे हात ओंडक्याला बांधतो आणि त्याला वाळूत फिरवितो. अमेरिकन निसटतो आणि जपान्याला तसेच बांधून फिरवितो. डाव उलटला तरी खेळ तोच राहतो. कैदी राखावयाचा तर त्याला खाऊ घालावे लागते, सोडावा तर त्याच्यावर नजर ठेवावी लागते. म्हणजे पकडणारादेखील अर्धा कैदीच. अखेर अमेरिकन कंटाळून दोर कापतो. या क्षणी कोणी भाषण करीत नाही, कोणाचे हृदयपरिवर्तन होत नाही. शत्रुत्व चालविण्याचा खर्च दोघांना परवडेनासा होतो, एवढेच. त्यानंतर तराफा बांधण्याचे काम सुरू होते. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, आणि दिग्दर्शकाने एकाचे बोलणे दुसऱ्याच्या देशातील प्रेक्षकाला अनुवादित करून देण्याचेही टाळले आहे. प्रेक्षकसुद्धा पात्राइतकाच बहिरा. बांबू कोठे बांधावा यावर भांडण होते, खाणाखुणा होतात, आणि त्या भांडणातून तराफा तयार होतो. शब्दांनी जे साधले नाही ते श्रमाने साधते.

या दोन भूमिका करणारे नटही खऱ्या युद्धातून आलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ली मार्विन हा अमेरिकन मरीन दलात होता आणि १९४४ च्या जूनमध्ये सायपान बेटावर जखमी झाला होता. तोशिरो मिफुने याने जपानी लष्कराच्या हवाई विभागात छायाचित्रणाचे काम केले होते. युद्ध संपून तेवीस वर्षे लोटल्यावर, जी बेटे एके काळी जपानी साम्राज्याच्या ताब्यात होती त्याच पॅसिफिक प्रदेशातील पलाऊ बेटांवर, हे दोघे एकमेकांना पुन्हा शत्रू म्हणून भेटले.

चित्रपटाचे मर्म त्याच्या उत्तरार्धात आहे. तराफा दुसऱ्या बेटाला लागतो. तेथे एक उद्ध्वस्त लष्करी तळ आहे. जपानी पुढे धावतो, आणि तेथे आपले सैनिक असतील या समजुतीने अमेरिकन ओरडू लागतो की त्याला मारू नका, तो मित्र आहे. तळावर मात्र कोणीच नसते. दोघे दाढी करतात, कपडे मिळवितात, मद्य पितात. बेटावरच्या दोन उघड्यावाघड्या देहांना पुन्हा गणवेशातील माणसांचे रूप येऊ लागते. आणि मग जपान्याच्या हाती एक अमेरिकन साप्ताहिक पडते, ‘लाइफ’. त्यात त्याच्या देशबांधवांची, मेलेल्या आणि पकडलेल्या जपानी सैनिकांची छायाचित्रे आहेत. इकडे अमेरिकन मद्याच्या अमलाखाली, तुम्ही लोक देव मानता की नाही, असा सवाल करीत सुटतो. महिनोन्‌महिने न लागलेले युद्ध काही क्षणांत पेटते. या चित्रपटाचे दोन शेवट प्रसिद्ध आहेत. एकात तळावर तोफगोळा कोसळतो. दुसऱ्यात दोघे काही न बोलता दोन दिशांना निघून जातात. यांपैकी दुसराच अधिक भयंकर आहे. तोफगोळा बाहेरून येतो. पाठ फिरविणे आतून येते.

या शेवटातून एक प्रश्न निघतो, आणि आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे. बेटावर या दोघांत जो सन्मान निर्माण झाला तो खरा, की तळावर परत आलेला गणवेशाचा सन्मान खरा?

उत्तर देण्यापूर्वी या दोन सन्मानांची जातकुळी ओळखली पाहिजे. एक सन्मान वरून येतो. तो आज्ञेच्या रूपाने उतरतो, पदकाच्या रूपाने छातीवर बसतो आणि मरणाच्या रूपाने वसूल केला जातो. १९४१ च्या जानेवारीत जपानच्या लष्करमंत्री तोजो याच्या नावे ‘सेंजिनकुन’ ही सैनिकांची आचारसंहिता काढण्यात आली. जिवंतपणी कैदी होण्याची नामुष्की पत्करू नये, असे तिच्यात बजावलेले होते. शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या पोरांना शरणागतीपेक्षा मरण पसंत करावयास लावणारा हा सन्मान कोणाच्या हिताचा होता? चीनपासून पॅसिफिकपर्यंत बाजार आणि कच्चा माल शोधणाऱ्या मक्तेदारांच्या, त्यांच्या लष्करशहांच्या. स्वतः तोजो याने अटकेच्या क्षणी छातीत गोळी झाडून घेतली खरी. परंतु तो वाचला, अमेरिकन डॉक्टरांकडून बरा झाला आणि खटला चालल्यावर १९४८ साली फाशी गेला. त्याच्या संहितेवर विश्वास ठेवून बेटाबेटांवर मेलेल्या पोरांना एवढीही मुदत मिळाली नाही.

या सन्मानाची पकड केवढी होती याची साक्ष युद्धानंतरही मिळत राहिली. शोइची योकोई हा जपानी सैनिक ग्वाम बेटाच्या जंगलात लपून राहिला होता, तो १९७२ साली सापडला. जिवंत परतल्याची आपल्याला लाज वाटते, अशी भावना त्याने मायदेशी पोहोचल्यावर व्यक्त केली. हिरू ओनोदा हा अधिकारी फिलिपाइन्समधील लुबांग बेटावर १९७४ च्या मार्चपर्यंत ‘लढत’ होता. युद्ध संपल्याची पत्रके त्याने खोटी मानली. अखेर त्याचा जुना वरिष्ठ अधिकारी, जो एव्हाना पुस्तकविक्रेता झाला होता, त्याला तेथे नेऊन आज्ञा मागे घ्यावी लागली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ओनोदाच्या निष्ठेचे पोवाडे गायिले. त्या निष्ठेपायी लुबांगचे किती शेतकरी आणि कोळी जिवास मुकले, ही बाब बातमीच्या शेपटाला गेली. २०२१ साली फ्रेंच दिग्दर्शक आर्तुर आरारी यांनी त्याच्यावर चित्रपट काढला, तेव्हाही ही चर्चा पुन्हा करावी लागली.

दुसरा सन्मान खालून येतो. त्याला आज्ञा लागत नाही. उलट आज्ञा तुटल्यावरच तो उगवतो. जो आपल्या हाती सापडला आहे, ज्याचे शस्त्र गळून पडले आहे, त्याला पाणी द्यावे, त्याची जखम बांधावी, एवढीच त्याची संहिता. हा सन्मान केवळ चित्रपटात आढळतो असे मानण्याचे कारण नाही. चीनमध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या आठव्या मार्गसेनेने पकडलेल्या जपानी सैनिकांना न मारण्याचे, जखमींवर उपचार करण्याचे धोरण अवलंबिले होते. येनानमध्ये अशाच जपानी कैद्यांनी सान्झो नोसाका यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या देशातील लष्करशाहीविरुद्ध संघटना उभारली. वरून आलेल्या संहितेने त्यांना मरावयास सांगितले होते. शत्रूने त्यांना जगविले, आणि जगल्यावर ते विचार करू लागले. याच सेनेच्या इस्पितळात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस राबत होते. १९३८ साली गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात त्यांच्यासमवेत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ती भूमिका स्वतः केली, हे मराठी प्रेक्षकाला सांगावयास नको.

हॉलिवूडने हे दोन सन्मान समोरासमोर उभे केले ते ‘नन बट द ब्रेव्ह’ या १९६५ च्या चित्रपटात. गायक-नट फ्रँक सिनात्रा याने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. तो अमेरिकन आणि जपानी निर्मात्यांनी मिळून काढला. येथे बेटावर दोन माणसे नसून दोन तुकड्या आहेत. पाण्याचा झरा जपान्यांकडे. वैद्यकाचा जाणकार अमेरिकनांकडे. एका जपानी सैनिकाचा पाय सडू लागला आहे. पाय कापून जीव वाचवावयाचा आणि मोबदल्यात पाणी घ्यावयाचे, असा सौदा ठरतो आणि त्यातून तह होतो. तहाला मात्र एक अट आहे. कोणत्याही बाजूला बाहेरून कुमक आली की तह संपला. अमेरिकन जहाज क्षितिजावर दिसते आणि जपानी अधिकारी, आपला पराभव निश्चित आहे हे जाणूनही, आपली मूठभर माणसे घेऊन चालून जातो. कालपर्यंत एका झऱ्याचे पाणी प्यायलेली माणसे वाळूत मरून पडतात.

दोन्ही चित्रपटांचे गणित एकच आहे. हुकूम, निशाण आणि वर्तमानपत्र यांच्यापासून माणूस तुटला की शत्रुत्व विरघळू लागते. ती साखळी पुन्हा जोडली गेली की ते गोठते. एका चित्रपटात साखळी जहाजाच्या रूपाने येते, दुसऱ्यात साप्ताहिकाच्या.

येथपर्यंत या चित्रपटांचे श्रेय. आता त्यांची मर्यादा पाहिली पाहिजे, कारण ती केवळ कलेची मर्यादा नव्हे.

या चित्रपटांतील बेट ओसाड आहे. वास्तवात पॅसिफिक महासागरातील बेटे ओसाड नव्हती. ज्या पलाऊमध्ये ‘हेल इन द पॅसिफिक’ चित्रित झाला ते स्पेनकडून जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून जपानकडे आणि दुसऱ्या महायुद्धात जपानकडून अमेरिकेकडे गेले. १९४४ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत त्यातील पेलेलिऊ बेटावर घनघोर रणकंदन झाले. चित्रण चालू होते तेव्हाही पलाऊ अमेरिकेच्या विश्वस्त कारभाराखाली होते. ते स्वतंत्र झाले १९९४ साली. दोन सैनिकांच्या सन्मानाची कथा सांगताना ज्यांचे ते बेट होते त्यांनाच कॅमेऱ्याबाहेर ठेवण्यात आले. साम्राज्ये परस्परांत समेट करतात तो बहुधा असाच, तिसऱ्याच्या अंगणात उभे राहून आणि त्याला न विचारता.

हा तिसरा कोण, हे भारतीयाला दूर जाऊन शोधावे लागत नाही. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले आणि युद्ध संपेपर्यंत अंदमान त्याच्या टाचेखाली राहिले. हेरगिरीच्या संशयावरून तेथील भारतीय नागरिकांचा अनन्वित छळ झाला. डॉ. दिवाणसिंग हे १९४४ च्या जानेवारीत त्या छळातच मरण पावले, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला हंफ्रेगंज येथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घालण्यात आल्या. शत्रूही माणूस आहे, या वाक्याचा अर्थ शत्रूचे गुन्हे माफ, असा होत नाही. गुन्हा करणाऱ्याला जाब विचारावाच लागतो. परंतु जाब विचारणे वेगळे आणि एखाद्या चेहऱ्याला, भाषेला, वंशाला गुन्हा ठरविणे वेगळे. हा फरक जेथे पुसला गेला अशी एक जागा राजस्थानातच आहे.

जयपूरहून टोंकमार्गे कोट्याकडे निघाले की वाटेत देवली लागते. आज तेथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. या कोरड्या मुलखात समुद्र नाही. तरी तारेच्या कुंपणाने वेढलेले ते एक बेटच होते. १९४०-४१ साली ब्रिटिश सरकारने डांगे, घाटे, रणदिवे आदी कम्युनिस्टांना आणि जयप्रकाश नारायण यांच्यासारख्या समाजवाद्यांना येथे विनाचौकशी डांबले. १९४१ च्या ऑक्टोबरात बंद्यांनी केलेले उपोषण देशभर गाजले. फॅसिझमशी लढत असल्याचा डांगोरा पिटणाऱ्या सरकारने फॅसिझमच्या कट्टर विरोधकांनाच शत्रू ठरविले होते.

हे बंदी गेले आणि त्याच छावणीत दुसरे ‘शत्रू’ आले. मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेशात पोटापाण्यासाठी राहिलेले जपानी नागरिक, म्हणजे दुकानदार, छायाचित्रकार, दंतवैद्य, कोळी, त्यांच्या बायका आणि मुले. यांना प्रथम दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबूंमध्ये ठेवण्यात आले आणि १९४३ मध्ये देवलीला हलविण्यात आले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला. ही बातमी छावणीत आली तेव्हा बंद्यांत उभी फूट पडली. सम्राटाचा पराभव होणे शक्य नाही, ही शत्रूची थाप आहे, असे मानणारे एका बाजूला. पराभव मान्य करणारे दुसऱ्या बाजूला. पराभव मान्य करणारा तो देशद्रोही, अशी भाषा सुरू झाली. वैर इतके विकोपाला गेले की १९४६ च्या फेब्रुवारीत छावणीत दंगल होऊन गोळीबार झाला आणि त्यात पंधराहून अधिक जपानी बंदी प्राणास मुकले. युद्ध संपून सहा महिने झाले होते. रणांगण हजारो मैल दूर होते. मेले ते सैनिकही नव्हते. वरून उतरलेला सन्मान असा असतो. त्याला बळी हवा असतो, मग तो स्वतःच्याच पंक्तीतला का असेना.

आणि तिसरी पाळी स्वतंत्र भारताची. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी सीमायुद्ध चालू असता, आसाम आणि उत्तर बंगालमधून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना आगगाडीत बसवून याच देवलीला आणण्यात आले. त्यांत कित्येकांचा जन्म भारतातला. सुतार, चर्मकार, उपाहारगृहे चालविणारे, शाळकरी पोरे, तान्ही मुले. खटला नाही, आरोपपत्र नाही. काहींना तर १९६७ पर्यंत तेथे राहावे लागले, आणि सुटून गेले तेव्हा अनेकांची घरेदारे लिलावात निघालेली होती. त्याच दिवसांत देशभर कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचीही धरपकड झाली होती. जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी २०२० साली या बंद्यांच्या कहाण्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, तेव्हा साठीपासष्टी ओलांडलेली ती मुले मोकळेपणाने बोलली. त्यांची मागणी मोठी नव्हती. झाले ते चुकले, एवढे कोणी तरी म्हणावे.

बराकी त्याच, तारेचे कुंपण तेच. बदलत गेला तो शत्रू. यावरून एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट होते. ‘शत्रू’ ही अनेकदा माणसाची ओळख नसून राज्यसत्तेने रिकामी ठेवलेली जागा असते. त्या जागेवर कोणाला बसवावयाचे ते ज्याचा त्याचा काळ ठरवितो. आज बसविणारे उद्या स्वतः बसू शकतात. बेटावरच्या त्या दोघांना ओंडक्याने जे शिकविले तेच देवलीने शिकविले आहे.

तर मग दोनपैकी कोणता सन्मान खरा? ज्याची किंमत दुसऱ्याच्या प्राणांनी चुकविली जाते तो सन्मान नव्हे, ती हुकमत होय. सन्मानाची कसोटी एकच. सामर्थ्य आपल्या हाती असताना, आणि समोरचा माणूस आपल्या तावडीत असताना, आपण काय करतो? त्या कसोटीला ‘सेंजिनकुन’ उतरत नाही, आणि देवलीची तीनही पर्वे उतरत नाहीत. त्या कसोटीला उतरतो तो दोर कापणारा थकलेला वैमानिक, सडलेला पाय कापून शत्रूला वाचविणारा वैद्य, आणि दुसऱ्यांच्या युद्धातील जखमा धुता धुता बत्तिसाव्या वर्षी वारलेला सोलापूरचा डॉक्टर.

या कसोटीला उतरणारी आणखी एक गोष्ट जयपूरच्याच नावाने जगात ओळखली जाते. येथील सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर, लाकूड आणि हातांचे कसब यांतून एक कृत्रिम पाय घडविला. तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलात उतरून शेत कसता येते. तो गरिबाला परवडावा अशाच बेताने बनविलेला आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य देण्याचे काम हाती घेतले, आणि अफगाणिस्तानसारख्या भूसुरुंगांनी पोखरलेल्या देशांत तो असंख्य जखमींपर्यंत पोहोचला. सुरुंग पेरणाऱ्याने निशाण पाहिले होते. पाय घडविणाऱ्याने फक्त माप घेतले.